सिरिंजमध्ये अडकलेला लगदा
बाबा रेल्वेतून रिटायर झाले त्याच वर्षी आमच्याच शहरातल्या भनपुरीजवळ स्कूटरवरून पडले. उजव्या गुडघ्याखालचं हाड आत दबलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून समजावलं: दबलेला भाग वर उचलायचा, पण मग त्याखाली पोकळी राहील. ती भरायला कंबरेचं थोडं हाड काढावं लागेल.

बाबा माझ्याकडे वळले. "तू तेच तर बनवून राहिली ना? सांग ना डॉक्टरले."

मी तेव्हा इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होते. सिरॅमिकची बारीक पावडर द्रावात कालवून लगदा करायचा, तो सिरिंजने हाडाच्या पोकळीत भरायचा आणि तो तिथेच घट्ट व्हायचा, असं ते काम. एकदा घरी स्टीलच्या ताटलीत मी करूनही दाखवलं होतं. सुईतून लगद्याचा सरळ, गुळगुळीत दोरा निघाला. थोड्या वेळानं बाबांनी घट्ट झालेला तो दोरा नखानं टोचून पाहिला आणि सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत फिरले.

"माणसांवर वापरायची परवानगी नाही अजून, बाबा," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. लॅबमध्ये सिरिंज दाबमशीनवर लावली की लगदा कितीदा तरी आतच अडकायचा. आधी नुसता द्राव बाहेर यायचा आणि पावडर मागे कोरडी, दडपून बसायची. मग कितीही जोर लावला तरी दट्ट्या हलत नसे. द्राव वाढवला की लगदा सरसर निघायचा, पण सुकल्यावर बोटानं चुरा व्हायचा. "गर्मी की वजह से है, छोड़ दो," माझे गाइड असलेले सर म्हणाले होते, आणि मला हायसं वाटलं होतं. पेपरच्या मसुद्यात मी फक्त नीट निघालेल्या सिरिंजा घेतल्या.

ऑपरेशननंतर बाबांना गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त छळत होती. कूस बदलताना ते पलंगाची दांडी घट्ट धरायचे. एका दुपारी शेजारच्या पेशंटला म्हणाले, "माही पोट्टी याचंच काम करते. पुढच्या माणसाची कंबर नाही कापा लागणार." मी संत्रं सोलत होते. ते तसंच ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात वगळलेल्या सगळ्या नोंदींची वही सरांसमोर ठेवली.

"पहले पेपर भेज दो, फिर देख लेंगे," ते म्हणाले.

"सर, आधा भरके अटक गया तो सर्जन क्या करेगा?"

त्यांनी वही चाळली. ओरडले नाहीत. मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, साल भर पीछे जाओगी. तसंच झालं. मी पावडर आणखी बारीक दळली, द्रावात घट्टपणा आणणारा पदार्थ घातला. आता कमी अडकतं. अडकत नाही असं मात्र म्हणवत नाही.

एका संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते काठी मांडीवर आडवी ठेवून ऐकत होते.

"म्हंजे तवा आमाले दाखवलं ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. चांगलं निघालं तेवढंच दाखवलं."

"मंग हे आता काहून सांगून राहिली?"

तुमची कंबर पाहिली म्हणून, असं तोंडात आलं होतं. तेवढ्यात आईनं चहा आणला, आणि बोलणं तिथेच राहिलं.

पेपर अखेर छापायला गेला, अडकलेल्या सिरिंजांसकट. बाबा आता काठीशिवाय चालतात, जिना उतरताना तेवढा कठडा धरतात. माझ्या कामाचं मात्र विचारत नाहीत. मी लॅबमधून आले की जेवलीस का, एवढंच विचारतात.