टेबल न सोडणारे गजभिये काका

नवी खेळाडू आली की गजभिये काका तिला आधी विचारत, "तुझी आई तुला हाक कशी मारते?" मग ते नाव तसंच लिहून घेत आणि सामन्याच्या दिवशी निवेदकाकडून घोकून घेत.

काका नागपूरचे. पत्रकारिता शिकायला अमेरिकेत आले आणि टेक्ससमधल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा प्रसिद्धी विभागात आयुष्यभर राहिले. नव्वदच्या दशकात मी जवळच्या प्लेनोहून तिथे अर्धवेळ कामाला जायचे. कोर्टच्या कडेच्या टेबलावर बसून सामन्याचे आकडे टिपायचे, बातमी लिहायची, वर्तमानपत्रांना फॅक्स करायची. बेंचवर बसून राहिलेल्या मुलीच्याही दोन ओळी तिच्या गावच्या पेपरला जात. "तिच्या गावात तीच स्टार," काका म्हणत.

एकदा कोचच्या सांगण्यावरून मी बास्केटबॉलच्या एका मुलीची उंची दोन इंच वाढवून टाईप केली. काकांनी कागद परत दिला. "कोचला तिला उंच करायचंय ना? कोर्टवर करू दे. आपण छापलं की ते खरंच असलं पाहिजे."

त्यांची मुलगी अनघा त्याच कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होती. शेवटच्या वर्षाच्या मुलींना त्यांच्या घरच्या कोर्टवरच्या शेवटच्या सामन्याआधी आईवडील कोर्टच्या मध्यापर्यंत घेऊन जातात आणि निवेदक तिघांची नावं वाचतो. अनघाच्या त्या सामन्याच्या दिवशी तो मजकूर काका मला सांगत होते. "अनघा गजभिये. सोबत आई, सुनंदा. पुढची."

"आणि वडील?"

"वडील टेबलावर. आकडे कोण टिपणार?"

"मी आहे ना, काका."

"तू टाईप कर."

डबा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. "चार वर्षांत एका सामन्याला माझ्या शेजारी बसले नाहीत. बाकीच्यांचे नवरे आज सूट घालून येतील, माझा फॅक्स मशीनला टेकून!"

"आई, लीव्ह इट," मागून अनघा म्हणाली. "बाबा विल बी वर्किंग. आय नो."

काकूंचा राग परवडला. अनघाच्या आवाजात रुसवासुद्धा नव्हता.

मी टाईप केलं : सोबत आई सुनंदा आणि वडील भीमराव.

कार्यक्रमाआधी काकांनी सवयीनं कागद तपासायला घेतला. "हे चूक आहे."

"अजून नाही," मी म्हटलं. "निवेदकानं वाचायला अवकाश आहे."

त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. कोर्टच्या कडेला अनघा आईचा हात धरून उभी होती. टेबलाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. काकांनी टोपण परत लावलं, कागद निवेदकाला दिला, टाय सरळ केला आणि निघाले. अनघानं त्यांना येताना पाहिलं आणि दुसरा हात पुढे केला.

परत येऊन खुर्चीत बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "न विचारता मजकूर बदललास. पुन्हा करायचं नाही."

"नाही करणार, काका."

पहिल्या हाफचे आकडे मात्र मलाच टिपावे लागले. काकांचा चष्मा काही केल्या पुसून होत नव्हता.