पाच-वीसची गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बोलणार तरी कुणाशी म्हणा — घरात आता मी एकटीच. संध्याकाळी दार उघडून आत आले की दुसऱ्या सकाळपर्यंत माझा आवाजही मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐका. मध्ये थांबले तर थांबू द्या.

सुरुवात गेल्या महिन्यापासून करते, ती सोपी आहे. मालवणच्या एका शाळेत मी लिपिक आहे. नोकरी सांभाळून घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्यांना आयकरात सवलत द्यावी, असा प्रस्ताव आहे म्हणे. आमच्या संघटनेने त्याच्या बाजूने निवेदन पाठवायचं ठरवलं, आणि सोबत जोडायला त्यांना अनुभव हवे होते. संघटनेचे परबसर थेट माझ्या टेबलाशी आले. "सुमनताई, तुम्ही लिहायलाच हवं. सहा वर्षं आईचं केलंत, पण कामात कधी कसूर नाही." मी दोन पानं लिहून दिली. वाचताना सरांचे डोळे भरून आले.

त्यात एक वाक्य आहे — 'शाळा सुटली की पहिल्या गाडीने मी घर गाठत असे.' ते खोटं आहे. बाकी सगळं खरं. पण तेवढंच खोटं असलं, तर बाकीच्या खऱ्याला काय अर्थ?

सवलत मिळावी. ज्यांना मिळायला हवी अशी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांच्यातली नाही, एवढंच.

आईची डावी बाजू लुळी पडली होती. सकाळी तिचं सगळं उरकायचं, पेज भरवायची, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा आणि आमच्या गावाहून, मसुऱ्याहून, नऊची गाडी पकडायची. दुपारी शेजारची शालन येऊन तिला जेवण भरवायची. पण लघवीचं भांडं लावायला आई शालनला हात लावू देत नसे. ते फक्त माझ्याच हातून. माणूस अंथरुणाला खिळलं म्हणून त्याची लाज कुठे जाते?

शाळा पाचला सुटायची. परतीची गाडी पाच-वीसला, त्यानंतरची थेट सातला. पहिली मिळाली तर सहा वाजता मी घरी. दुसरीने पावणेआठ.

मी दुसरीने जायची.

काम असायचं का? छे! शिपाई किल्ली माझ्याकडे देऊन जायचा आणि मी रिकाम्या कार्यालयात पंखा लावून नुसती बसायची. मुख्याध्यापकांनी एका वर्षी उशिरापर्यंत काम करणारी कर्मचारी म्हणून शाल-श्रीफळही दिलं. ती शाल मी आईच्या पायांवर घातली. घरी शिरताना रोज म्हणायचं, "गाडी लेट झाली गो आये." एसटी लेट झाली म्हटल्यावर आमच्याकडे पुरावा कोण मागतो?

मला घर नकोसं व्हायचं. तो वास, ते उचलणं, ते पुसणं. दीड-पावणेदोन तास मला कुणी हाक मारू नये, एवढंच हवं असायचं — आणि ते मी कुणाच्या अंगातून काढून घेत होते, ते सांगायला जीभ रेटत नाही.

पुढे तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला दिसू लागला. मग एका सकाळी आई म्हणाली, "पेज नको. सुकी भाकरी दी गो. पेजेन पोट जड जाता." जन्मभर पेजेवर वाढलेली बाई! मला कळलं. त्याच सकाळी कळलं. मी येईपर्यंत धरून ठेवावं लागू नये, म्हणून तिने पाणीच तोडलं होतं. उन्हाळ्यातसुद्धा. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. चादरी कमी धुवाव्या लागत होत्या.

लघवीत जंतू झाले, सारखा ताप येऊ लागला. पाणी पितात ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तिच्यासमोरच म्हणाले, "हट्टी आहे हो. सांगून सांगून दमले." आई माझ्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "व्हय. माझोच हट्ट."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानेच गेली का, हे मी कुणाला विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. नाही. अजून आहे.

ती जाण्याच्या वर्षभर आधी मीच तापाने घरी होते. आईच्या खाटेशेजारी खाली चटईवर पडले होते. संध्याकाळी शालन चहा घेऊन आली, तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. आईची झोप चाळवली. मी घरी आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. ती म्हणाली, "गाडी इली गो शालन. पण सुमन हेच्यातसून येवचा नाय. ता फुडच्या गाडयेन येता."

शालन माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, सुमनताई आज घरातच आसा."

मी चादर डोक्यावर ओढून भिंतीकडे वळले. म्हणजे रोज दोन्ही गाड्या तिला ऐकू येत होत्या. आणि रोज माझं 'लेट झाली' ऐकून ती म्हणायची, "व्हय गो. दमलंस."

तीन दिवसांनी मी शाळेत गेले. पाच वाजले. आज तरी — असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलेसुद्धा. समोर गाडी उभी होती, बसायला जागाही होती. मी मागे फिरले आणि पंखा लावला.

बदल झाला तो एकच. गाडी लेट झाली, असं आईला सांगायचं मी सोडून दिलं. पावणेआठला यायची, काही न बोलता भांडं घ्यायची. तीही काही विचारत नसे.