केसाचं तेल म्हणे!

मी केसाला तेल लावते ते रविवारी, आणि सोमवारी सकाळी डोकं धुऊन टाकते. हे माझ्या मुलीला माहीत आहे, शेजारणीला माहीत आहे. उस्तादांनाही चांगलं माहीत होतं, कारण रविवारी आमच्या क्वार्टरवर चहाला आले की माझ्या तेलकट वेणीवरून मला चिडवायचे. तरी त्यांनी भर मैदानात केसाच्या तेलाचं सांगितलं, आणि तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. अजून आठवलं की डोकं सणकतं माझं.

मी पोलिसात शिपाई आहे. माहेर नेरचं, नोकरी यवतमाळात. उस्ताद म्हणजे आमच्या कोतचे हवालदार. कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. बंदुका, पिस्तुलं, राउंडच्या म्हणजे काडतुसांच्या पेट्या, सगळं त्यांच्या ताब्यात. पिस्तूल धरायला मला त्यांनीच शिकवलं. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि रिकामं पिस्तूल चालवायला लावायचे. नाणं पडलं की म्हणायचे, "ट्रिगरशी भांडू नको वं पोरी, त्याले मनव." नाणं पडायचं थांबलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला स्वतःच्या खिशातून समोसे खाऊ घातले होते. मला वडील नाहीत. मी त्यांना त्या जागी धरून चालले होते, हे आता लिहितानाही चीड येते.

राउंड उडालं नाही तर काय करायचं, तेही त्यांनीच घोकून घेतलं होतं. "लगेच पिस्तूल वळवून पाहाशीन तं जीवानं जाशीन. नळी समोर, बोट बाहेर, दुसरा हात वर, अन् थांब. कधी कधी उशिरानं पेटते ते. मंग काढ, अन् त्याचं बुड पाहा." राउंडच्या बुडाशी बारकी टोपी असते, तिच्यावर पिन आपटते. टोपीवर खड्डा खोल असेल तर पिस्तूल चांगलं, राउंडच मेलेलं. खड्डा उथळ असेल तर पिस्तुलाची स्प्रिंग तपासायची. आणि तेलाचं नाव काढलं की उस्ताद कानाला हात लावायचे. पिस्तुलाला तेल हवंच, पण राउंडला अजिबात नाही. टोपीच्या फटीतून ते आत उतरतं आणि मसाला मरतो.

त्या हिवाळ्यात वरच्या पातळीच्या नेमबाजी स्पर्धेसाठी निवड होती. जिल्ह्यातून एकच महिला जाणार होती. मला जायचं होतं, बास. भरती झाल्यापासून मी नुसती उभी होते हो. यात्रेत उभी, मिरवणुकीत उभी, मोर्चात उभी, मारेगावला कापसाच्या भावावरून गोंधळ झाला तेव्हा दिवसभर उन्हात उभी. मला काही येतं असं एकच होतं, ते म्हणजे पिस्तूल. एकदा तरी कोणीतरी म्हणावं, ह्या बाईला हे येतं.

फायरिंगच्या मैदानावर उस्तादांनी प्रत्येकीच्या प्लेटमध्ये राउंड मोजून दिले. माझे जरा जास्तच चमकत होते. मी मॅगझिन भरलं. पहिले राउंड काय सुंदर बसले! शेजारची बाई मान वाकडी करून माझं टार्गेट बघायला लागली. पुढच्याला नुसतं टक्. मी शिकवल्याप्रमाणे केलं. नळी समोर, बोट बाहेर, हात वर. थांबले. ते राउंड काढून टाकलं, पुढचं घेतलं. परत टक्. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि वेळ संपली.

घाबरले नाही मी. नियम साधा होता. दोष राउंडचा निघाला तर परत संधी, आणि नेमबाजाच्या निष्काळजीपणानं झालं असेल तर ती गोळी वाया. निवड घेणारे साहेब म्हणाले, "उस्ताद, बघा जरा." माझ्या मनात आलं, चला, बघणारा आपलाच माणूस आहे.

ते येईपर्यंत मी दोन्ही राउंड उचलून बुडं पाहिली. खड्डे खोल, अगदी मधोमध. म्हणजे हात चांगला, पिस्तूल चांगलं. राउंड बोटाला चिकट लागत होते, आणि बुडाजवळच्या खाचेत लाल काहीतरी भरलं होतं. नखानं उकरलं. कुंकू!

मग डोक्यात उजेड पडला. दसऱ्याला कोतमध्ये शस्त्रपूजा होते. बंदुका मांडतात, हार घालतात, हळदकुंकू वाहतात. दरवर्षी उस्ताद राउंडच्या पेट्या कुलपात ठेवूनच पूजा करायचे. मी त्या दिवशी रजेवर असते, दीक्षाभूमीला जाते. पण त्या वर्षी ग्रुपवर फोटो आला होता. ताटात राउंड कमळासारखे मांडलेले, तेलानं लखलखणारे, वर हळदकुंकू, मध्ये दिवा. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मीही अंगठ्याची खूण टाकली होती, छान दिसतंय म्हणून! ताटातले तेच राउंड पुसून पेटीत गेले होते आणि पेटीतून माझ्या प्लेटमध्ये आले होते.

मी दोन्ही राउंड उस्तादांच्या हातात दिले. हळूच म्हटलं, "उस्ताद, खाचेत पाहा."

त्यांनी पाहिलं. नीट पाहिलं. मग अंगठ्यानं दाबून दोन्ही राउंडची बुडं पॅन्टवर घासली, आपण चष्मा पुसतो तशी, आणि साहेबांकडे वळले.

"साहेब, राउंडले तेल लागलं हाये. बाईमानसाचं काम, दुसरं काय! केसाचा हात राउंडले लावला असन हिनं."

मैदान हसलं. साहेबही हसले. शेजारची बाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"साहेब, केसाचं नाही ते," मी म्हटलं. "कुंकू होतं त्याच्यावर. दसऱ्याच्या पूजेचे राउंड आहेत. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून कोणी कुंकू लावत नाही. माझ्या हाताला कुठून येणार?"

साहेबांनी राउंड फिरवून पाहिले. होतं कुठं आता कुंकू? ते उस्तादांच्या पॅन्टवर होतं, आणि खाकीवर लाल डाग शोधायला कोण वाकतंय.

आणि तेव्हा उस्ताद बोलले. अगदी मऊ आवाजात, रविवारी चहा मागतात त्या आवाजात. "असं नको बोलू पोरी. देवाधर्माच्या गोष्टी कायले आनते मधात?"

संपलं. तेलाचं मी ऐकून घेतलं असतं. पण हे वाक्य पडलं आणि मैदानातले सगळे माझ्याकडे वेगळंच बघायला लागले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "हिचं हे नेहमीचंच." नेहमीचं? इतक्या वर्षांत मी कधी तोंड उघडलं होतं? पुढच्या तुकडीला उस्तादांनी दुसरी पेटी उघडली. कोणाचंच राउंड अडलं नाही, आणि दोष माझाच हे पक्कं झालं. स्पर्धेला शेजारची बाई गेली.

मी तक्रार केली नाही. कोणापुढं करणार, आणि दाखवणार काय?

उन्हाळ्यात उस्ताद रिटायर झाले. सामान फुलसावंगीला, त्यांच्या गावी हलवायच्या आधी घरी आले. मला दार लावून घ्यायचं होतं, पण मुलगी धावत जाऊन "आजोबा" म्हणून बिलगली. मग काय, चहा टाकला.

कप हातात घेऊन ते म्हणाले, "तुले राग आला असन."

मी चहाचं पातेलं घासायला घेतलं.

"अवं, चौकशी लागली असती माह्यावर. राउंडची पूजा कोनी करायला लावली, कोतची पेटी कोनी उघडली. रिटायरमेंट तोंडावर. पेन्शन अडकली असती तं म्हातारपनी कोनाच्या दारात गेलो असतो? अन् तू तं पोरीसारखी. म्हटलं, समजून घेशीन."

"मंग एकदा कानात सांगायचं होतं न," मी म्हटलं. माझाही आवाज नेरचा झाला. "तिथंच, मैदानात. पोरी, अडकलो, सांभाळ. मीच म्हटलं असतं साहेबाले, माह्या केसाचं तेल लागलं म्हनून. तुमच्यासाठी म्हटलं असतं मी!"

त्यांनी कप खाली ठेवला. खरंच गोंधळले होते. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, आणि तरी कळलं नव्हतं.

"अवं, पन मी बी तेच तं म्हटलं," ते म्हणाले. "मंग फरक काय पडला?"

मी तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. त्यांनी चहा संपवला, मोरीत जाऊन कप स्वतःच विसळला, घरच्या माणसासारखा, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.