पुंजाजींची पांढरी खुंटी

पुंजाजी गायरानात पालथे पडून, एक डोळा मिटून जमिनीलगत बघत असले, की समजावे, चेंडू सीमेवरच्या चुना दिलेल्या खुंटीजवळ जाऊन थांबलाय. "जराकसा बी आत हाये ना मास्तर, मंग आतच! पुरा भाईर गेला तवाच भाईर," असा निकाल देऊन ते उठत आणि सदऱ्यावरची माती झटकत.

कामठीच्या छावणीत त्यांनी वीस वर्षे साहेबांच्या गोल्फच्या काठ्या वाहिल्या होत्या. किन्हीराजाला, आपल्या गावी परतताना त्यांनी दोन जुन्या काठ्या आणि खेळाचे सगळे नियम सोबत आणले. शाळेत नवा आलेला मी त्यांचा एकमेव जोडीदार. वाटेत पडलेली फांदी, डबा ते खुशाल उचलू देत. सीमेच्या खुंटीला मात्र बोट लावू देत नसत. "तेच हालली तं मंग खेळ कायचा?" मला कधी कधी वैताग यायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर भूमिहीनांना गायरानालगतची पडीत जमीन मिळणार होती. बौद्धवाड्यातल्या सात घरांचे अर्ज होते, त्यात पुंजाजींचाही. जागा बघायला आलेले प्रांतसाहेब पूर्वी लष्करात होते. आमच्या हातातल्या काठ्या दिसताच त्यांचे हात शिवशिवले. दुसऱ्याच फटक्याला चेंडू पांढऱ्या खुंटीला टेकला. काठी फिरवायला जागा उरली नाही, तेव्हा साहेब सहज वाकले आणि खुंटी उपटू लागले.

"साहेब, खुटी हालवाची नाही. हाये तसा मारा, नाही तं एक फटका दंड घ्या आन् दोन काठ्यांच्या अंतरात चेंडू टाका."

साहेबांसोबत आलेल्या कोतवालाने डोळे मिटले. मी मनातल्या मनात पुंजाजींना शिव्या घातल्या. अहो, सात घरांची जमीन त्या एका सहीवर होती! साहेबांनी खुंटी सोडली. मग दंड घेतला, डाव संपवला आणि ते जीपमध्ये बसून निघून गेले.

पुढचे पंधरा दिवस वाड्यात पुंजाजींशी कोणी धड बोलले नाही. मीही खेळायला गेलो नाही, हे सांगताना आजही लाज वाटते.

जमिनीचा आदेश आला तेव्हा वाचून दाखवायला मी धावतच गेलो. सातही नावे होती. पुंजाजींनी आपले नाव दोनदा वाचायला लावले, मग उंबऱ्यावर मटकन बसले आणि ढसाढसा रडू लागले. माझाही जीव भांड्यात पडला होता.

"लय भेलो होतो मास्तर," ते म्हणाले. "साहेबानं खुटीले हात लावला, तवा सातही घरची लेकरं डोयापुढं आली. गप राहावं म्हनलं. पन निंघूनच गेलं तोंडातून."