पालथ्या दगडावर रामाचं नाव

या, जरा पुढं सरकून बसा. पंगतीला अजून अवकाश आहे, तोवर तुम्हांला या ओट्याची गोष्ट सांगतो. अर्धी जागेपणीची आहे आणि अर्धी झोपेतली. दोन्ही खऱ्या धरून ऐका.

देवळामागच्या या स्वयंपाकघरात सप्ताहाला रोज चारशे माणसांचं जेवण शिजतं. त्यासाठी हा काळा ग्रॅनाईट आणला. त्या जातीचा तो शेवटचाच दगड होता, दुसरा मिळणार नव्हता. सिंक दोन भांड्यांचं. पातेल्यांसाठी मोठं, भाजीसाठी लहान, आणि लहानाची पुढची कड थोडी आत घेतलेली. ते ओट्याच्या खालून बसवायचं, म्हणजे वर नुसती दगडाची कड राहते आणि फडकं फिरवलं की सांडलेलं सगळं सरळ आत जातं. आमच्या तालुक्यात असं सिंक पहिल्यांदा बसवलं ते केरबातात्यांनी. सव्वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. श्रावणात ते गेले. त्यांच्यामागं मी एकट्यानं घेतलेला हा पहिला ओटा.

साचा त्यांच्याच पद्धतीनं केला. सिंकच्या खोक्यात कंपनीचा कागद येतो, पण त्यावर तात्या कधी विसंबले नाहीत. प्रत्यक्ष सिंकचं माप हार्डबोर्डवर उतरवायचं, कापायचं, कानशीनं घासायचं, आणि तयार ओट्यात जी बाजू वर येणार तिच्यावर ‘श्रीराम’ लिहायचं. मीही लिहिलं. मग चौघांनी मिळून दगड पालथा घातला, कारण सिंक धरणाऱ्या पट्ट्यांची भोकं त्याच्या पाठीलाच पाडायची असतात. साचा ठेवला, पिवळ्या खडूनं भोवती रेघ ओढली. जेवण करून आलो आणि कटर लावण्याआधी घटकाभर दगडाशेजारीच पोत्यावर आडवा झालो.

आत देवळात कोणीतरी पखवाजाचा सूर जुळवायला कणीक लावतंय. थाप पडते, विरते, पुन्हा पडते. माझे डोळे मिटलेत की उघडे आहेत, कळत नाही. तात्या दगडाच्या टोकावर बसलेत. पायांत वहाण नाही, कानाला पेन्सिल आहे.

“जेवलास का रं, जोत्या?”

मी म्हणतो, जेवलो, झुणका होता. ते म्हणतात, तुझी बायको झुणक्यात मीठ कधी चुकत नाही, तुझं तसं न्हाई. असं म्हणून दगडाच्या पाठीवरच्या रेघेकडे बघत बसतात.

दगड लांब होत जातो. त्यावर माणसं मांडी घालून बसलेली आहेत आणि कीर्तन रंगात आलंय. मी नेहमीसारखा पहिल्या रांगेत. बुवा उजवा हात वर करतात. तात्या मला दंडाला धरून उठवतात आणि बुवांच्या मागं, टाळकऱ्यांच्या ओळीत नेऊन उभं करतात.

“बुवांचा हात आता कुठल्या बाजूला हाय?”

समोरून तो माझ्या डावीकडं होता, इथून उजवीकडं आहे. हात तोच.

“मग साचा का न्हाई फिरवलास?”

मी खाली बघतो. उत्तर मला ठाऊक आहे, सांगायची लाज वाटते. दगड पालथा घातला की साचाही पालथा ठेवायचा. पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट. पण साच्यावर रामाचं नाव होतं. ते दगडाच्या भुकटीत तोंड खाली करून ठेवायला माझा हात धजला नाही. तात्या असताना साचा ते ठेवायचे, मी फक्त रेघ ओढायचो. आता माझ्या भोळ्या भक्तीपायी भोक उलटं पडलं असतं, सिंक बसलं नसतं, आणि दगड तर दुसरा नाहीच.

वर बघतो तर टाळकरी नाहीत. हे तात्यांच्या घरचं स्वयंपाकघर. ते ओट्याखाली उताणे पडलेत, नुसते पाय बाहेर. वर नळ चालू आहे, पाण्याचा आवाज मात्र येत नाही. मी त्या पायांनाच विचारतो, देवाचं नाव पालथं घातलं तर पाप नाही का लागत?

ओट्याखालून हसू येतं. “मग सव्वीस वर्सं मी काय करत हुतो? नाव दगडाकडं तोंड करून ठेवायचं. त्याला बी वाचू दे की.”

मी म्हणतो, तात्या, तुमच्याशिवाय मला जमायचं नाही.

ओट्याखालून आवाज येतो.

“कड तू माझ्यापरीस सरळ घासतोस. ह्या हातांनी तुझ्या हातांना शिकवलं आन् ते माझ्या म्होरं गेलं. जित्तेपणी बोललो न्हाई, माजशील म्हणून.”

मग ते सरपटत बाहेर येतात. पाठ झटकत नाहीत. वाकतात, आपला रुंद अंगठा जिभेला लावतात आणि माझ्या रेघेचा एक कोपरा पुसून टाकतात.

पखवाज थांबला तशी मला जाग आली. ऊन पोत्यापर्यंत सरकलं होतं. उठून पाहिलं, तर लहान भांड्याच्या कोपऱ्यावरची पिवळी रेघ पुसलेली, आणि जागा अजून ओली. मी माझा अंगठा त्या डागावर टेकवला. दोन्ही अंगांना ओली जागा उरली.

मग बाकीची रेघही पुसली, तो डाग सोडून. साच्याला हात जोडले, रामाचं नाव दगडाकडं केलं, नवी रेघ ओढली आणि कटर लावला.

आज जेवण झाल्यावर हात धुवायला तिथं जाल. सिंकच्या कडेखालून एकदा बोट फिरवा. कुठंही अडणार नाही, हे मी छाती पुढं काढून सांगतो. आणि बोट फिरतंय तेवढ्या वेळात केरबातात्यांची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.