नऊ मिनिटांचा आवाज

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनसाठी गोव्याला निघायच्या दोन दिवस आधी मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. भावाने मुंबईहून पाठवलेला जुनाच होता तो. त्यातला आवाज भरायचा प्रोग्राम मिनिटभराने आपोआप थांबायचा, म्हणून तिच्या बोलण्याचे एकेक मिनिटाचे नऊ तुकडे झाले. मालवणच्या बाजारात वीस वर्षं मासे विकलेली बाई, पण माइक बघून लाजली. पहिल्या तुकड्यात ती नुसती हसली आणि "आता बोलू गो?" एवढंच म्हणाली.

वर्षभरात कॉम्प्युटर बिघडला. दहा मिनिटं चालायचा, की बंद पडून परत सुरू व्हायचा. कुडाळचे दुरुस्तीवाले काका आले. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करत. पडद्याकडे बघत म्हणाले, "व्हायरस शिरलो हा. फॉरमॅट मारूक होयो. आतला सगळा पुसान जातला. तुझा काय आसा ता घेतलंस मा?"

"होय काकानू, घेतलंय."

आदल्या दिवशीच मी आवाजाचा फोल्डर फ्लॉपीवर घेतला होता. सगळा एकाच फ्लॉपीत मावला म्हणून खूश होते.

काकांनी पिशवीतून सीडी काढली. तेवढ्यात आई पुढे आली. ऑपरेशननंतर ती गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेई, त्यावर पातळ फडकं असे. तिने कानाला हात लावला आणि फ्लॉपीकडे बोट दाखवलं.

"वैनीक ऐकूचा आसा," काका म्हणाले. "लाव बघूया."

मी फ्लॉपी घातली, क्लिक केलं. आईचा आवाज आला. मी सुटकेचा श्वास टाकला. काका मात्र फ्लॉपीच्या खाचेजवळच्या, फ्लॉपी वाचताना पेटणाऱ्या दिव्याकडे बघत होते.

"दिवो पेटाक नाय," ते म्हणाले. मग पडद्यावर फोल्डरच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाखवला. "ह्या फ्लॉपीत आवाज नाय गो बाय. ह्यो नुसतो पत्तो. आवाज अजून मशिनीतच आसा, थयसूनच वाजता. घर पाडल्यावर पत्तो घेवन काय करतलंस?"

काकांची सीडी ड्राइव्हच्या तोंडाशी होती. आईने अडवलं नसतं तर मी स्वतः 'मारा' म्हटलं असतं. आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. फडक्याआडून तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती, आणि मला मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

काकांकडे कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा होता. एका फ्लॉपीत एकच मिनिट मावत होतं. पहिला तुकडा अडला, तो मागे ठेवला. दुसरा उतरला. तिसरा उतरत असताना कॉम्प्युटर बंद पडला. परत सुरू होईपर्यंत मी टेबलाची कड धरून बसले होते. यावेळी उठलाच नाही तर, हाच विचार. उठला. प्रत्येक फ्लॉपी भरताना ती करकरायची आणि त्या करकरीत काही अडलं असं वाटलं की मी ड्राइव्हला कान लावायचे.

"मी बसान रवतंय," काका म्हणाले. "तू सावकाश घे."

दुपार होईपर्यंत आठ तुकडे निघाले. पहिला मात्र अजूनही निघेना. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. लावून बघितला तर वाजलाही नाही. तिचं हसणं त्यातच होतं.

मी आईकडे बघितलं. तिने हलकेच मान हलवली, आता पुरे, अशी.

"मारा," मी म्हटलं.

पडद्यावर फॉरमॅटचे टक्के चढत गेले, शंभरवर पोचले. संध्याकाळी पुसून रिकाम्या झालेल्या त्याच कॉम्प्युटरवर मी आठही फ्लॉप्या एकेक करून लावल्या. प्रत्येक वेळी आवाज येईस्तोवर मी श्वास रोखून धरत होते. दिवा पेटतोय ना, तेही बघत होते. सहाव्या तुकड्यात ती बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे झणझणीत कालवणाची, कृती सांगत होती. ते ऐकताना आईने टेबलावर जोरात बोटं आपटली. मी दचकले. वाटलं, तिला सहन होत नाही.

तसं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर तिरफळं आणून माझ्यासमोर ठेवली. तिखल्यात तिरफळं घालायची, हे तेव्हा तिच्याकडून सांगायचं राहून गेलं होतं.

मी ते कागदावर लिहून त्या तुकड्याच्या फ्लॉपीला चिकटवलं.