भिंतीवर चढलेली गुप्त भाषा

समस्त भोपाळवासी मराठीजनांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आपली गुप्त भाषा फुटली आहे. आणि ती फोडली माझ्याच मुलीने.

इथे मराठीचा खरा उपयोग चारचौघांत. साडीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, शेजाऱ्यांच्या सोफ्यावर आम्ही चेहरा हसरा ठेवून एकमेकांशी काहीही बोलतो. समोरच्याला वाटतं, कौतुक चाललंय. माझी बायको यातली उस्ताद.

मुलगी चित्रकला शिकते. तिच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हाच बायकोला वास आला. "महिनाभर ही विचारत होती, आई, दुकानात काय म्हणालीस, परत सांग. काहीतरी शिजतंय हं!"

त्यात अशोका गार्डनमधल्या आमच्या शेजारीणबाई "बिटिया का काम तो देखूँगी" म्हणत गाडीत येऊन बसल्या. बायकोची जिवाभावाची मैत्रीण. दुखण्याखुपण्यात पहिली हाक त्यांनाच.

आत चित्र एकही नाही. भिंतींवर पुरुषभर उंचीची लालभडक अक्षरं. 'हा लुटतोय, पुढच्या दुकानात चल.' 'भाजी नको घेऊस, तेल बघ.' मी एकेक वाक्य नाटकी आवाजात वाचत सुटलो. बायकोने मला करकचून चिमटा काढला.

"अहो, ही माझी वाक्यं आहेत!"

मुलगी बेफिकीर. "आई, इथे मराठी कळतंय कोणाला?"

"अगं, लिपी तीच ना! वाचता तर येतं!"

शेजारीणबाई ओठ हलवत प्रत्येक भिंत वाचत होत्या आणि हसत होत्या. पण तसलं हसू आम्हीच या शहरात वर्षानुवर्षं वापरलेलं. बायकोचा त्यावर काडीचा भरवसा नव्हता. "कळलं असेल का हो हिला? मैत्री गेली माझी!" ती पुटपुटली. तेही मराठीतच.

आणि शेवटची भिंत आली. 'हिचा चहा म्हणजे नुसतं गोड पाणी. उठा आता.'

बायको धावत जाऊन त्यापुढे पाठ टेकून उभी राहिली. तिच्यामागे जेमतेम 'चहा' तेवढा झाकला गेला. "दीदी, उधर चलिए ना, उधर ज़्यादा अच्छा है!"

दीदी हलल्या नाहीत. त्यांनी बायकोला खांद्याला धरून बाजूला केलं, वाक्य अथपासून इतिपर्यंत वाचलं, कमरेवर हात ठेवले आणि अख्खं दालन वळून पाहील अशा आवाजात म्हणाल्या,

"भाभी, गोड पाणी था, तो दूसरा कप क्यों माँगा था?"